ताळेबंद आणि चार्ट एका पत्रकात: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

काम अखेर कागदावर आलं. आमच्या शेअर बाजार अभ्यास गटात (नाशिक, बहुतेक निवृत्त मंडळी, बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये) दोन तट आहेत. ताळेबंदवाले म्हणतात, कंपनी चांगली असेल तर भाव आज ना उद्या येतोच. चार्टवाले म्हणतात, भावात सगळं आलंच, अहवाल चाळत बसायचं कशाला. दोघांनाही आपापले विजय तोंडपाठ आहेत, पराभव मात्र समोरच्याचेच आठवतात. म्हणून आता वाद बंद. निकाल लागून गेलेले जुने प्रसंग घ्यायचे. त्या त्या तारखेला बाहेरच्या साध्या माणसाला ताळेबंद काय सांगत होता आणि चार्ट काय सांगत होता, ते दोन रकान्यांत शेजारी-शेजारी मांडायचं. त्यातून जे हाती लागेल त्याचं एक पानी निर्णय-पत्रक करायचं.

प्रसंग: येस बँक, सत्यम (सॉफ्टवेअर), सुझलॉन (पवनचक्क्या), बजाज फायनान्स (कर्ज देणारी कंपनी). न बुडालेली एक तरी कंपनी हवीच, हा आग्रह गटातल्या एका वहिनींचा. बरोबर आहे त्यांचं. फक्त बुडालेल्या पाहिल्या की प्रत्येक कंपनीत खोट दिसायला लागते.

आकडे माझ्याकडे (अंबड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात नोकरी झाली). भाव आणि प्रोग्राम भाच्याकडे, तो हिंजवडीत असतो. बँकांचे ताळेबंद वाचायला अण्णा, निवृत्त बँक अधिकारी.

आजच्या भावावर चर्चा करायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) जानेवारीत काढलेल्या परिपत्रकानुसार, जे केवळ शिकवतात त्यांनी मागच्या तीन महिन्यांतले भाव उदाहरणादाखलही वापरायचे नाहीत. आम्ही कुणाचे गुरुजी नाही, पण नियम शहाणपणाचा आहे. ताजा भाव समोर आला की अभ्यास संपतो आणि ‘घेऊ का?’ सुरू होतं.

११ जून, बुधवार

रकाने ठरवले. उत्पादन करणाऱ्या कंपनीसाठी: पाच वर्षांचा एकूण निव्वळ नफा आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख यांचं गुणोत्तर, कर्ज आणि भागभांडवलाचं प्रमाण, वापरलेल्या भांडवलावरचा परतावा, उधारी वसुलीचे दिवस, प्रवर्तकांचे (कंपनीच्या मुख्य मालकांचे) गहाण शेअर, ऑडिटर मध्येच बदलला का. पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) मुद्दाम शेवटी ठेवला. आमच्याकडे लोक पी/ईपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. त्याच्या भाजकातला नफा खरा आहे की नाही हे न बघता पी/ई स्वस्त की महाग ठरवणं म्हणजे वजनकाटा न तपासता दर घासाघीस करणं.

अण्णांनी हीच यादी बँकेला लावायला साफ नकार दिला. ‘अरे, ठेवी म्हणजे कर्जच. बँकेचं कर्ज-भांडवल प्रमाण काढलंस तर देशातली प्रत्येक बँक दिवाळखोर ठरेल.’ धंद्यातून आलेली रोखसुद्धा बँकेच्या बाबतीत काही सांगत नाही. कर्ज वाटलं की ती उणे दिसते. बँकांचं पत्रक वेगळं: एकूण आणि निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं), तरतुदी (बुडीतासाठी बाजूला काढलेली रक्कम), भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या मानाने स्वतःचं भांडवल), चालू-बचत ठेवींचा वाटा. शिवाय अण्णांनी आणखी एक रकाना घालायला लावला: रिझर्व्ह बँकेने तपासणीत काढलेला एनपीए आणि बँकेने स्वतः दाखवलेला एनपीए यांतला फरक.

चार्टच्या बाजूला भाच्याने आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर, सुपरट्रेंड असे भावावरून काढायचे सगळे निर्देशक मांडून आणले होते. सगळे एकमताने ‘विका’ म्हणतात तेव्हा खात्री पटते, असं त्याचं म्हणणं. पण हे सगळे एकाच भावाच्या मालिकेतून काढलेले आकडे. त्यांच्या एकमताला काय किंमत? शेवटी दोनच गोष्टी ठेवल्या: २०० दिवसांची सरासरी (मागच्या २०० दिवसांच्या बंद भावांची) आणि व्हॉल्यूम (दिवसात किती शेअरची उलाढाल झाली). व्हॉल्यूमसोबत एनएसई (राष्ट्रीय शेअर बाजार) रोज डिलिव्हरीचा आकडाही देते, तोही घेतला. दिवसातल्या दिवसात फिरलेले शेअर आणि घरी नेलेले शेअर त्यातून वेगळे कळतात.

१६ जून, सोमवार

सकाळी साडेनऊला गटातल्या एका काकांचा फोन. मोबाइलवर बजाज फायनान्स ९० टक्के पडलेला दिसतोय, काय झालं? काही झालेलं नव्हतं. एकास चार बोनस (फुकट) शेअर आणि दोन रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे एक-एक रुपयाचे दोन, दोन्ही आजपासून लागू. एकाचे बोनसने पाच, विभाजनाने दहा. नऊ हजारांच्या वरचा भाव नऊशेच्या घरात आला आणि डिमॅटमध्ये नवे शेअर जमा व्हायचे असल्यामुळे पडद्यावर तोटा दिसत राहिला.

आमच्या कामात ही गोष्ट वेळेवर घडली. भाच्याकडची मालिका कच्च्या भावांची आहे. तशीच ठेवली असती तर आजच्या तारखेला प्रोग्रामने ‘२०० दिवसांच्या सरासरीखाली, विका’ असा शिक्का मारला असता, आणि पुढचे कितीतरी महिने सरासरी पूर्ववत होईपर्यंत मारत राहिला असता. आता प्रत्येक कंपनीला विभाजन-बोनसचा वेगळा तक्ता आणि मागचे सगळे भाव त्या पटीत कमी करून घ्यायचे. येस बँक सप्टेंबर २०१७ (१० चा २), सुझलॉन जानेवारी २००८ (१० चा २), बजाज फायनान्स सप्टेंबर २०१६ आणि आज. प्रति शेअर मिळकतीलाही हीच पट लावायची, नाहीतर पी/ई दहापट स्वस्त दिसेल.

२२ जून, रविवार

आजचा दिवस तारखांवर गेला. जागा रुक्ष आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा कणा इथे आहे.

भाच्याने ३१ मार्चच्या ताळेबंदाचे आकडे ३१ मार्चच्या भावासमोर लावले होते. पण ३१ मार्चला तो ताळेबंद कुणाच्या हातात होता? सेबीच्या नियमाने तिमाही निकाल ४५ दिवसांत, वार्षिक ६० दिवसांत. म्हणजे मार्चअखेरचे आकडे मेअखेरीपर्यंत येऊ शकतात. सविस्तर टिपांसह छापील अहवाल त्याहून उशिरा, वार्षिक सभेच्या आधी. शेअरहोल्डिंगचा तपशील तिमाही संपल्यावर २१ दिवसांत. चार्ट मात्र साडेतीनला बाजार बंद झाला की त्याच दिवशी तयार. पत्रकात नवा रकाना घातला: ‘कळल्याची तारीख’. कुठलाही आकडा या तारखेआधी वापरायचा नाही.

भाचा म्हणाला, ‘मामा, तुझा रकाना कायम दोन महिने उशिरा येतो रे.’ येतो खरा. तो उशीर लपवला की मागे वळून केलेली प्रत्येक तपासणी यशस्वी होते. परीक्षेचा पेपर आधी फोडून पहिला नंबर काढण्यासारखंच.

याच तारखांच्या घोळात निफ्टीच्या (एनएसईच्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या) पी/ईचा एक खड्डा सापडला. बऱ्याच वर्षांचा पी/ई एका रेषेत काढला तर २०२१ च्या मार्चअखेरीस तो एका दिवसात ४० वरून ३३ वर उतरलेला दिसतो. बाजार काही पडला नव्हता. एनएसईने कंपन्यांचा सुटा नफा धरायचं सोडून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. ‘निफ्टीचा पी/ई २४ च्या वर गेला की विका’ असे जुने मंत्र आजही फिरतात. ते ज्या मोजपट्टीवर बेतले होते ती मोजपट्टीच आता नाही. गटातल्या अर्ध्या लोकांना हे माहीत नव्हतं.

२९ जून, रविवार

येस बँक, भाग पहिला. फक्त ताळेबंद.

अण्णा आले होते. बँकेने २०१५-१६ साठी एकूण एनपीए दाखवला ७४९ कोटी. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघाला ४,९२६ कोटी. पुढच्या वर्षी, २०१६-१७ साठी, बँकेचा आकडा २,०१८ कोटी, रिझर्व्ह बँकेचा ८,३७४ कोटी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये असे मोठे फरक जाहीर करणं बंधनकारक केलं, त्यामुळेच हे बाहेर आले. पहिला फरक २०१७ च्या वार्षिक अहवालातून कळला, दुसरा ऑक्टोबर २०१७ मध्ये निकालांसोबत.

अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘एक वर्ष चुकलं तर समजू शकतो. सहापट चुकलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा चौपट, तर शाखाधिकाऱ्याची मी बदली मागितली असती.’

म्हणजे आमच्या पत्रकात लाल खूण पडायची तारीख: ऑक्टोबर २०१७. आता त्यापुढे भाव काय झाला? ऑगस्ट २०१८ मध्ये शेअरने ४०० च्या वरचा विक्रम केला. ऑक्टोबरात बाहेर पडलेला किंवा न घेतलेला माणूस दहा महिने मित्रांत हसं करून घेत होता. हे वाक्य पत्रकाच्या कडेला लिहून ठेवलं आहे, कारण ताळेबंदवाले ते सोयीने विसरतात: वही खरं सांगते, पण कधी ते सांगत नाही.

६ जुलै

आषाढी. काम बंद. साबुदाण्याचे वडे.

८ जुलै, मंगळवार

काल सेबीचा नवा अभ्यास आला. २०२४-२५ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअर किंवा निर्देशांकाच्या भावावर बेतलेले करार, म्हणजे डेरिव्हेटिव्ह) व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ९१ टक्के तोट्यात, एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर. त्याआधीच्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत, तोट्यातल्यांचं प्रमाण ९३ टक्के होतं. रोखीच्या बाजारात इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करणाऱ्यांतही दहांतले सात तोट्यात, हा २०२२-२३ चा आकडा. गेल्या आठवड्यात सेबीने एका अमेरिकी ट्रेडिंग फर्मवर एक्सपायरीच्या (करार संपण्याच्या) दिवशी बँक निफ्टी हलवल्याचा ठपका ठेवून ४,८४३ कोटी गोठवण्याचा अंतरिम आदेशही काढला आहे.

यावरून पत्रकाची व्याप्ती आणखी आवळली. इंट्राडे नाही, डेरिव्हेटिव्ह नाही, पाच-पंधरा मिनिटांचे चार्ट नाहीत. तितक्या छोट्या अवधीत ताळेबंदाला बोलायला जागाच नसते आणि मग दोन पद्धतींची तुलनाही उरत नाही. भाचा थोडा हिरमुसला. त्याचा पंधरा मिनिटांचा प्रोग्राम खरंच देखणा होता.

१३ जुलै, रविवार

येस बँक, भाग दुसरा. चार्ट. पूर्ण दिवस लागला, पण अख्ख्या प्रकल्पात एवढा भरलेला दिवस दुसरा नाही.

नियम असा लावला: महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशीच बघायचं. बंद भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या खाली असेल तर बाहेर, वर असेल तर आत. रोज बघितलं तर आत-बाहेर करण्यातच माणूस थकतो.

१९ सप्टेंबर २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत ३१ जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवल्याची बातमी आली. २० ला सुट्टी. २१ ला शेअर जवळजवळ २९ टक्के पडून २२७ च्या आसपास बंद. काकांनी विचारलं, एवढा पडायला लोअर सर्किट (दिवसातल्या घसरणीची मर्यादा) नव्हतं का? नव्हतं. ज्या शेअरमध्ये डेरिव्हेटिव्ह चालतात त्यांना ५-१०-२० टक्क्यांचं ठरलेलं सर्किट नसतं. ३०० वर स्टॉपलॉस (भाव तिथे उतरला की आपोआप विकायची सूचना) लावलेला माणूस त्याच्या बराच खाली विकला गेला असणार. आणि ज्यांना सर्किट असतं तिथे उलटा त्रास: भाव थांबतो, पण घेणारा कुणी नसतो. स्टॉपलॉस ही विनंती आहे, हमी नव्हे, हे वाक्य भाच्याचं.

महिनाअखेरीचा नियम पाळणारा २८ सप्टेंबरला विकणार: भाव १८३. म्हणजे आठवडाभर थांबण्याची किंमत जवळपास चव्वेचाळीस रुपये. तरीही पुढचं पाहता हा सौदा सोन्यासारखा. चार्टवाले खूश. मी म्हटलं, अजून दोन पानं आहेत.

फेब्रुवारी २०१९. बँकेने जाहीर केलं की २०१७-१८ साठी रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एनपीएत काहीच फरक निघाला नाही. दुसऱ्या दिवशी शेअर ३० टक्के वर. लगेच रिझर्व्ह बँकेने, गोपनीय अहवालातला एवढाच भाग जाहीर केल्याबद्दल बँकेला कानपिचक्या दिल्या. पण भाव चढतच राहिला. २९ मार्च २०१९ ला बंद २७५, सरासरीच्या वर. चार्ट म्हणतो: आत या. २६ एप्रिलला शुक्रवारी संध्याकाळी निकाल: तिमाहीत १,५०७ कोटींचा तोटा, बँकेच्या इतिहासातला पहिला. सोमवारी मुंबईत मतदान, बाजार बंद. मंगळवारी, ३० एप्रिलला, भाव १६८. चार्ट म्हणतो: बाहेर जा. २७५ ला घेऊन १६८ ला विकलं. एका महिन्यात ३९ टक्के गेले.

हॉलमध्ये शांतता.

आता मला खरा प्रश्न हा पडला की ताळेबंदाच्या पत्रकाने हा प्रवेश अडवला असता का. जसं बनवलं होतं तसं नसतं अडवलं. ‘फरक’ या रकान्यात आम्ही शेवटच्या वर्षाचा आकडा घेत होतो आणि फेब्रुवारी २०१९ नंतर तो शून्य, म्हणजे हिरवा. अण्णांचं मत स्पष्ट: दोन वर्षं सलग लपवलेल्याने तिसऱ्या वर्षी नाही लपवलं, एवढ्याने तो विश्वासू होत नाही. रकाना बदलला. मागच्या तीन वर्षांत एकदाही फरक मोठा असेल तर लाल, आणि लाल असेल तर चार्टने कितीही बोलावलं तरी जायचं नाही. कंपन्यांच्या पत्रकातही ऑडिटर बदल आणि गहाण शेअर यांना हाच तीन वर्षांचा नियम.

शेवटचं पान ५ मार्च २०२०. त्या दिवशी स्टेट बँक मदतीला येणार अशा बातमीवर शेअर २५ टक्क्यांच्या वर चढून ३६.८० ला बंद झाला. संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, खात्यातून ५० हजारांच्या वर काढता येणार नाही. दुसऱ्या दिवशी १६.२०. त्यानंतरच्या पुनर्रचनेत १०० हून जास्त शेअर असलेल्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. चार्टवर रेषा पुढे चालू दिसते, पण ज्याच्याकडे शेअर आहेत त्याच्यासाठी ती रेषा निरर्थक होती, बहुतेक शेअर विकताच येत नव्हते. ‘कधीही बाहेर पडता येतं’ हे गृहीत धरूनच सगळं तांत्रिक विश्लेषण उभं आहे. पत्रकावर तळटीप टाकली.

२० जुलै, रविवार

सत्यम. इथे माझ्या बाजूची फजिती.

जानेवारी २००९ आधीचे जाहीर आकडे आमच्या पत्रकात भरले. नफा भरघोस, कर्ज नगण्य, रोख पाच हजार कोटींच्या वर. जवळजवळ सगळे रकाने हिरवे. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला सुशासनाचं बक्षीसही मिळालेलं. ७ जानेवारीला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या पत्रातून कळलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रोकडीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. तिमाहीचं मार्जिन २४ टक्के दाखवलं ते प्रत्यक्षात ३ टक्के.

वहिनींनी विचारलं, एवढी रोकड होती तर त्यावरचं व्याज तपासता आलं असतं ना? मीही तेच म्हणणार होतो. पण पत्रात ३७६ कोटींचं खोटं येणं-व्याजही आहे. खोटं लिहिणाऱ्याने जोडीची नोंदही लिहून ठेवली होती. दुहेरी नोंद पद्धत खोट्यालाही तितक्याच इमानाने वागवते. बाहेर बसून वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला हे पकडणं जवळपास अशक्य होतं, हे मी मान्य करून टाकलं.

चार्टला काय दिसलं? फसवणूक त्यालाही दिसली नाही. पण १६ डिसेंबर २००८ ला राजू कुटुंबाच्या मायटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरना विकत घ्यायची घोषणा झाली, गुंतवणूकदार खवळले, काही तासांत ती मागे घेतली गेली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी शेअर ३० टक्के पडला. व्हॉल्यूम प्रचंड. त्या दिवशी ज्याने कारण न विचारता विकलं तो ७ जानेवारीच्या जवळपास ७८ टक्क्यांच्या घसरणीतून वाचला. कारण शोधत बसलेला, ‘घोषणा तर मागे घेतली ना’ म्हणणारा, अडकला.

जाता जाता: आमच्या पत्रकात ‘गहाण शेअर’ हा रकाना भरता येतो तो सत्यममुळेच. त्या प्रकरणानंतर जानेवारी २००९ मध्ये सेबीने प्रवर्तकांना गहाण शेअर जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याआधी हा आकडा बाहेरच्यांना मिळतच नव्हता.

३ ऑगस्ट, रविवार

सुझलॉन आणि बजाज फायनान्स एकाच बैठकीत उरकले. पुण्याच्या कंपन्या, त्यामुळे हॉलमध्ये प्रत्येकाचा कुणीतरी नातेवाईक तिथे नोकरीला होता. गप्पा जास्त, काम कमी.

सुझलॉनचा अर्धा भाग सोपा. २००७ मध्ये जर्मनीची रीपॉवर घेताना कर्जाचा डोंगर, अमेरिकेत पात्यांना तडे, २०१२ च्या ऑक्टोबरात परकीय रोख्यांची परतफेड चुकली. २००८ च्या सुरुवातीला ४०० च्या आसपासचा भाव मार्च २०२० मध्ये २ रुपयांच्या खाली. कर्जाचा रकाना आणि सरासरी, दोघांनीही फार आधी बाहेर काढलं असतं. खरा पेच परतीच्या प्रवासात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५ रुपयांनी राइट्स (जुन्या भागधारकांना नवे शेअर), ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थांना शेअर विकून २,००० कोटी, कर्ज जवळपास संपलं. चार्टने २०२३ च्या मध्यातच बोलावलं. आमचं पत्रक तेव्हा लाल: २०२२-२३ चा नफा दिसायला मोठा, पण त्यातला बहुतेक कर्जमाफीसारख्या एकवेळच्या नोंदींचा. पुढच्या वर्षाचे निकाल मे २०२४ मध्ये आले तेव्हा कुठे रकाने सुधारले. तोवर भाव चाळिशीत. चार्टवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, वाजवू दे. ‘लाल असेल तर जायचं नाही’ हा नियम येस बँकेत वाचवतो आणि सुझलॉनमध्ये मोठी तेजी हुकवतो. एकच नियम दोन्हीकडे जिंकावा म्हणून त्यात पळवाटा घालायच्या, तर मग तो त्या दोन कंपन्यांपुरताच उरेल.

बजाज फायनान्समध्ये चूक पी/ईची. गेल्या दशकात बहुतेक काळ पी/ई ३० च्या आसपास किंवा वर. ‘महाग आहे, पडल्यावर घेऊ’ म्हणणारा थांबतच राहिला. पडला तो २०२० मध्ये, फेब्रुवारीतल्या ४,९०० च्या भावावरून मेअखेरीस १,८०० च्या खाली (जुन्या शेअरच्या हिशेबात). तेव्हा हाच माणूस ‘हप्ते थकणार’ म्हणून घाबरला. पी/ई आता पत्रकात लाल-हिरवा ठरवत नाही, फक्त नोंद म्हणून राहील.

१७ ऑगस्ट, रविवार

खर्चाचा हिशेब, कॉस्टिंगवाल्याला याशिवाय झोप येत नाही. एक लाखाची डिलिव्हरी खरेदी: एसटीटी (रोखे व्यवहार कर) १०० रुपये, मुद्रांक १५. विकताना पुन्हा एसटीटी. वर दलाली, एक्सचेंजचं शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, डीपीचा (डिमॅट खातं सांभाळणाऱ्याचा) आकार. हे किरकोळच. खरी कात्री कराची: २३ जुलै २०२४ पासून बारा महिन्यांच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, त्यापुढच्या नफ्यावर सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के. सरासरीचा नियम आडव्या बाजारात वर्षातून दोन-तीनदा आत-बाहेर करायला लावतो आणि प्रत्येक छोट्या नफ्याला २० टक्क्यांच्या खान्यात ढकलतो. भाच्याच्या सगळ्या निकालांतून हे वजा करायला लावलं. चार्टची बाजू बरीच बारीक झाली, पण येस बँक आणि २०२० मध्ये तिने वाचवलेली रक्कम त्याहून मोठीच राहिली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आजपासून एचडीएफसी बँकेचा भाव एकास एक बोनसनंतरचा. रेकॉर्ड तारीख (बोनस कुणाला मिळणार ते ज्या दिवशी ठरतं) उद्याची, पण उद्या गणेश चतुर्थी, बाजार बंद, म्हणून आजच. काकांचा फोन आला नाही. विभाजन-बोनसच्या तक्त्यात नोंद केली.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज पत्रक गटापुढे. रचना अशी ठेवली आहे:

आत जायचं का, याचं उत्तर फक्त ताळेबंदाचं पान देतं. एकही लाल असेल तर चार्टचं पान उलटायचंच नाही. सगळं हिरवं असेल आणि महिनाअखेरीस भाव सरासरीच्या वर असेल, तरच खरेदी. बाहेर पडायचा अधिकार मात्र दोघांनाही, आणि त्यात चार्टला कारण विचारायचं नाही. बाहेर पडल्यावर वाटेल तेवढं कारण शोधा, अहवाल वाचा, पुढच्या महिनाअखेरीस परत या. आणि एका कंपनीत एकूण रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही. गोठवलेल्या शेअरवर आणि लोअर सर्किटवर याखेरीज दुसरा इलाज आम्हाला सापडला नाही.

ताळेबंदवाल्यांची तक्रार: चांगली कंपनी पडली की आम्ही घेतो, तुम्ही विकायला लावता. चार्टवाल्यांची तक्रार: सुझलॉन हुकवलात. अण्णा म्हणाले, दोन्ही तट नाराज आहेत, म्हणजे अहवाल मंजूर करायला हरकत नाही. वहिनींनी दोन प्रती जास्त छापून मागितल्या, एक सूनबाईंसाठी.

राहिलेलं काम: डीएचएफएल (घरकर्ज देणारी कंपनी). भाच्याने भाव उतरवून घेतले आहेत, पण २०२१ मध्ये कंपनी पिरामल समूहाकडे जाताना जुने शेअर रद्द झाले आणि भागधारकांना काहीच मिळालं नाही. भावांच्या मालिकेत मात्र शून्य कुठेच येत नाही. शेवटच्या व्यवहाराच्या भावावर ती नुसती संपते आणि प्रोग्राम तोच भाव हातात आला असं धरतो. आजच्या निफ्टीच्या यादीवरून मागे जाणाऱ्याला तर सत्यम, येस बँक, डीएचएफएल यांतलं काहीच भेटणार नाही. बंद झालेल्या कंपन्यांची यादी एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून वेगळी उतरवून, प्रत्येकीसमोर भागधारकाला शेवटी काय मिळालं ते हाताने भरावं लागेल. पुढच्या रविवारपासून.